धुक्यात शिरण्याआधी: व्हॅलहाइममध्ये जादूगार व्हायचंय तर

व्हॅलहाइम हा व्हिडिओ गेम २ फेब्रुवारी २०२१ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला, पण काठीतून आग आणि बर्फ फेकणारी जादू आली ती डिसेंबर २०२२ च्या मिस्टलँड्स अपडेटमध्ये. ती शिकायला मिस्टलँड्स या खेळातल्या प्रदेशाच्या धुक्यातच जावं लागतं. तिथे पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण चिलखत आणि तलवारीची काळजी करतात. मी म्हणेन, आधी स्वयंपाकघर बघा. या खेळात जादूची शक्ती, म्हणजे आइटर, जेवणातून मिळते. पोटात आइटरचा पदार्थ नसेल तर आइटर शून्य, मग हातातली काठी कितीही भारी असो.

पण ते जेवण धुक्यातल्या जिनसांशिवाय होत नाही, म्हणून पहिल्या फेऱ्यांना जुनंच खाणं न्यायचं. प्लेन्स या गवताळ प्रदेशातलं लॉक्स नावाच्या केसाळ जनावराचं ‘मीट पाय’, ब्लड पुडिंग आणि पाव असे तीन प्रकार, प्रत्येकी दहा-दहा तरी. मीड (गुणकारी पेयं) आणि आगीपासून वाचवणारी बार्ली वाइन लगेच तयार होत नाहीत, फर्मेंटरमध्ये आंबायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी लावा. जखम भरणारं मीड हवंच. बार्ली वाइनला १० बार्ली आणि १० क्लाउडबेरी लागतात आणि सहा बाटल्या निघतात. ग्याल नावाचा तरंगता राक्षस वरून आगीचे गोळे टाकतो, तेव्हा ही बाटली जीव वाचवते. निघताना घरात शेकोटीजवळ बसून ‘रेस्टेड’ झाल्याशिवाय पाऊल उचलू नका. त्याने दम दुप्पट वेगाने भरून येतो.

आता विस्पलाइट. हा दिवा नसेल तर चार पावलांवरचा कडा दिसत नाही. प्लेन्सचा मुख्य राक्षस याग्लूथ याला मारल्यावर ‘फाटलेला आत्मा’ ही वस्तू मिळते, त्यापासून विस्पचं कारंजं बांधायचं आणि रात्री त्याच्याभोवती घिरट्या घालणारे विस्प, म्हणजे उजेडाचे ठिपके, पकडायचे. पाच विस्प आणि एक चांदी झाली की दिवा तयार. माझं कळकळीचं सांगणं आहे, एक नाही, दोन दिवे करा आणि दुसरा घरच्या पेटीत ठेवा. माझा पहिला मृत्यू एका कड्याखाली झाला. मेल्यावर सामान थडग्यात राहतं. नकाशावर त्या थडग्याची खूण होती, दिवा मात्र त्या थडग्यातच होता. अंधूक धुक्यात त्या खुणेच्या बरोबर वर उभा राहून मी खाली उतरायची वाट शोधत होतो, तेवढ्यात एका सीकरने, म्हणजे तिथल्या मोठ्या किड्याने, मागून गाठलं. दुसरं थडगं पहिल्यापासून हाकेच्या अंतरावर. मेल्यावर कौशल्यंही घटतात, ते दुःख वेगळंच.

एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. विस्पलाइट आणि जास्त वजन उचलू देणारा मेगिंगयोर्डचा पट्टा एकाच जागी घालायचे असतात, म्हणजे एका वेळी एकच. पट्टा काढला की वजनाची मर्यादा ४५० वरून ३०० वर येते. पट्टा बांधून सामान भरलंत आणि काठावर उतरून दिवा लावलात, तर तिथेच पाय जड होतात आणि पळता येत नाही. सामान दिवा लावूनच भरा.

पोर्टलचं, म्हणजे क्षणात घरी पोचवणाऱ्या दाराचं, साहित्य पिशवीत असलंच पाहिजे: २० फाइन वूड, १० ग्रेड्वार्फचे डोळे, २ सर्टलिंग कोअर, शिवाय वर्कबेंचला १० साधं लाकूड. किनाऱ्याला लागल्यावर पहिलं काम पोर्टल, मग बाकीचं. काळा धातू आणि चांदी साध्या पोर्टलमधून जात नाहीत, म्हणून कारखाना घरीच ठेवावा, असं माझं मत. शुद्ध आइटरला लागणारा रस आणि मऊ ऊती तेवढ्या घरी आणायच्या.

कुऱ्हाड निदान काळ्या धातूची हवी, कारण इग्द्रासिल झाडाचे कोंब त्याहून हलक्या कुऱ्हाडीने तुटत नाहीत. राक्षसांच्या कवट्या फोडून ऊती काढायला कुदळ लागते. रस काढायच्या यंत्राचा मुख्य भाग बौन्यांच्या पेटाऱ्यात मिळतो, पण त्यांच्या डोळ्यांदेखत काही फोडलंत तर ते उलटतात. हे बौने तुमच्या बाजूने सीकरशी लढतात, त्यांच्याशी वाकडं घेण्यापेक्षा एखादा ओस पडलेला बुरूज शोधलेला बरा.

बोगद्यांमध्ये काळे गाभे मिळतात, म्हणजे ब्लॅक कोअर. ब्लॅक फोर्ज (भट्टी), आइटर रिफायनरी आणि जादूच्या वस्तू बनवायचं गाल्डर टेबल या तिन्हींना पाच-पाच, म्हणजे पंधरा झाल्याशिवाय मोजणी थांबवू नका. तिथेच रॉयल जेली दिसेल, ती एकही सोडू नका, कारण आइटर देणारी इग्द्रासिलची पेज तिच्यावरच होते: ४ रस, ३ बार्ली, २ जेली. घरी बार्लीचं शेत आधीच पेरून ठेवलं असेल तर या दिवशी त्याचं चीज होतं. रिफायनरी मात्र घराला चिकटून बांधू नका. तिच्यातून ठिणग्या उडतात आणि आजूबाजूच्या भिंतींना इजा होते.

रिफायनरीत एक रस आणि एक ऊतीपासून एक शुद्ध आइटर होतं; ही वस्तू आहे, जेवणातली शक्ती नव्हे. गाल्डर टेबलालाच २५ जातात. पुढचे २० कशाला वापरायचे यावर आमच्या चमूत भांडण झालं होतं, मी मात्र आजही पिसांच्या शालीच्या बाजूने आहे. ती पांघरली की उंचावरून पडून माणूस मरत नाही, आणि मिस्टलँड्समध्ये कडेच कडे आहेत. फक्त शालीमुळे आग जास्त लागते, म्हणून बार्ली वाइन तेव्हाही जवळ असू द्या. मग १६ शुद्ध आइटर, २० इग्द्रासिलचं लाकूड आणि चार सर्टलिंग कोअर घालून निखाऱ्यांची काठी करा. सुरुवातीला तिच्या एका आगीच्या गोळ्याला जेवणातलं ३५ आइटर लागतं, म्हणून पेजेचा एक वाडगा पोटात असेल तर दोन गोळे. पहिला सीकर दिसला की दोन्ही त्याच्यावरच टाका, नि मागे सरकत जा.