वीस-तीस लाख मोजून ‘साध्या’ कंपनीची गाडी? जरूर घ्या, पण या चुका टाळा

“एवढे पैसे घालून मारुती? थोडे टाकले असते तर मर्सिडीज आली असती की!”

पंचवीस लाखांची गाडी मारुती, टाटा किंवा महिंद्राच्या शोरूममधून घरी आणणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. हिशेब केला तर त्यात काही तथ्य नाही. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीच्या सगळ्यात लहान नव्या गाड्यांचीही एक्स-शोरूम किंमत आज ४० लाखांच्या पुढे सुरू होते. मुंबईत पासिंग आणि विमा धरून ती ५० लाखांच्या आसपास जाते. ‘थोडे’ म्हणजे इथे जवळपास दुप्पट.

पण याच्या उलट सल्लाही तितकाच घातक आहे: “मारुती आहे ना, मग डोळे झाकून घे.” मारुतीने १९८३ पासून जो विश्वास कमावला तो छोट्या, खपाऊ गाड्यांवर. त्या गाड्यांचे पार्ट गल्लीतल्या गॅरेजमध्ये मिळतात, त्या कुणीही दुरुस्त करतो, आणि विकायला काढल्या की आठवड्यात जातात. पंचवीस लाखांच्या गाडीला हे आपोआप लागू होत नाही. ते त्या एका मॉडेलपुरतं तपासावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: अशा गाड्या घेण्यात गैर काहीच नाही, कित्येकदा तोच शहाणपणाचा सौदा असतो. लोक फसतात ते बॅजमुळे, म्हणजे गाडीवरच्या कंपनीच्या नावामुळे, कमी आणि खालच्या चुकांमुळे जास्त.

कंपनीचं नाव मॉडेलच्या नावावर जमा करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जास्त वेळ घालवतो.

मारुतीने २०११ मध्ये किझाशी आणली. २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन, थेट जपानहून आयात, किंमत साडेसोळा-सतरा लाख. गाडी चालवायला सुरेख होती. पण खप नगण्य, पार्ट आयात केलेले, आणि काही वर्षांत गाडीच बंद. मग २०१५ मध्ये कंपनीने महागड्या गाड्यांसाठी नेक्सा ही वेगळी शोरूमची साखळी काढली आणि त्यात पहिली गाडी ठेवली एस-क्रॉस. ऑगस्टमध्ये ती बाजारात आली आणि जानेवारी २०१६ मध्ये १.६ डिझेलची किंमत दोन लाखांहून अधिक उतरवावी लागली. ज्यांनी दिवाळीत हौसेने घेतली, त्यांच्या गाडीची रीसेल किंमत सहा महिन्यांच्या आत, काहीही न करता, खाली आली.

टाटाची आरिया २०१० ची. सोयी भरपूर, किंमत तेरा ते साडेपंधरा लाख. इंडिका आणि सुमो विकणाऱ्या कंपनीला लोक तेवढे पैसे द्यायला तयार नव्हते, आणि गाडी चालली नाही. महिंद्राची अल्टुरस जी४ याहून बोलकी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ती सुमारे २७ लाखांपासून आली. मुळात ती कोरियाच्या सॅंगयाँग कंपनीची रेक्स्टन, सुटे भाग आणून चाकणला जोडलेली. सॅंगयाँग महिंद्राच्याच ताब्यात होती. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२२ मध्ये अल्टुरस बंद झाली.

या चारही गाड्यांत वाईट गाडी एकही नव्हती. एक अपुऱ्या खपाची, एक चुकीच्या भावाची, एक काळाच्या पुढची आणि एक परक्या आधारावर उभी.

आता दुसरी बाजू बघा. मारुतीची इन्व्हिक्टो २०२३ च्या जुलैमध्ये २४.७९ लाखांपासून आली. तिचा खप मारुतीच्या मानाने अगदी कमी आहे, म्हणजे वरवर पाहता तिचीही किझाशी व्हायला हवी. पण इन्व्हिक्टो म्हणजे बाह्यरूपात थोडा बदल केलेली टोयोटा इनोव्हा हायक्रॉस. दोन्ही टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यात तयार होतात. उद्या मारुतीने इन्व्हिक्टो विकणं थांबवलं तरी तिचं इंजिन, हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशी दुहेरी) यंत्रणा आणि सस्पेन्शनचे भाग बनत राहणार, कारण हायक्रॉस रस्त्यावर भरपूर आहे. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांचंही तेच.

म्हणून शोरूममध्ये बसल्यावर मायलेजच्याही आधी हा प्रश्न विचारा: ही गाडी बंद झाली, तर हिचे भाग आणखी कोणत्या गाडीला लागत राहतील? गाडी इथेच बनते का, इंजिन कंपनीच्या दुसऱ्या खपाऊ गाडीत आहे का, हेही त्यातच आलं. समाधानकारक उत्तर मिळालं तर बॅजची काळजी सोडून द्या.

एक्स-शोरूम किमतीवर मन बनवणं

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, आणि २० लाखांच्या वर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. २५ लाखांची पेट्रोल किंवा हायब्रिड गाडी असेल तर सव्वातीन लाख केवळ आरटीओचे, डिझेल असेल तर पावणेचार. गाडी कंपनीच्या नावावर घेतलीत तर कर थेट २० टक्के, म्हणजे पाच लाख. सीएने सुचवलं म्हणून फर्मच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी हा फरक आधी कागदावर मांडावा.

१० लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना परत मागता येतो, पण शोरूममध्ये आज तो भरावाच लागतो. हप्त्याचं गणित करताना बरेच जण ही रक्कम विसरतात आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी धावपळ होते.

इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर चित्र पालटतं. तिच्यावर जीएसटी ५ टक्के आहे, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. टाटा आणि महिंद्राच्या महागड्या इलेक्ट्रिक गाड्या याच कारणाने तेवढ्याच पैशांत जास्त गाडी देतात, असं मला वाटतं.

जागा न मोजता बुकिंग करणं

मुंबईत गाडी निवडताना पहिली हत्यारं दोन: मेजपट्टी आणि सोसायटीची नोटीस.

इथल्या बांधकाम नियमांत पार्किंगची मोठी जागा २.५ बाय ५.५ मीटर आणि लहान जागा २.३ बाय ४.५ मीटर धरलेली आहे. बिल्डरने तुम्हाला लहान जागा दिली असेल तर टाटा हॅरियर तिथे बसणारच नाही. लांबी ४.६ मीटर, म्हणजे नाक किंवा शेपूट बाहेर. रुंदी १.९२ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून उरतात जेमतेम ३८ सेंटिमीटर. एका अंगाला खांब असेल तर ड्रायव्हरने उतरायचं कसं? इन्व्हिक्टो ४.७५ मीटरची, महिंद्राची इलेक्ट्रिक एक्सईव्ही ९ई पावणेपाचच्याही वर.

पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत पझल पार्किंग आहे, म्हणजे लोखंडी पाट्यांवर गाड्या एकीवर एक लावणारी यंत्रणा. खालच्या पाट्याच्या लोखंडी चौकटीवर पिवळ्या रंगात लिहिलंय: उंची १५५० मि.मी., वजन २००० किलो. एसयूव्ही म्हणून विकली जाणारी जवळपास प्रत्येक मोठी गाडी १६५० मि.मी.च्या वर असते. वरच्या पाट्यावर उंचीचा प्रश्न सुटतो, पण मोठ्या बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाड्या दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून जड असतात, आणि वजनाची मर्यादा तिथेही आहेच. लिफ्टवाल्या कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घ्या. वॉचमनने “बसेल हो साहेब” म्हटलं, एवढ्यावर बुकिंगचे पैसे भरू नका.

चार्जरचंही तसंच. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. ज्याची वीज त्याच्याकडे अर्ज, आणि त्याआधी सोसायटीची परवानगी. गिरगाव-लालबागच्या पागडीच्या इमारतीत राहून गाडी रस्त्यावर लावणाऱ्याने इलेक्ट्रिकच्या आधी हायब्रिडचा विचार करावा.

देखभाल स्वस्तच असेल असं गृहीत धरणं

नियमित सर्व्हिसिंगचा खर्च खरंच फारसा जास्त नसतो. घाव बसतो तो मोडतोडीत. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिअंटला १४ इंची टायर असतात, एक्सईव्ही ९ईला १९ इंची. समोरच्या काचेमागे कॅमेरा असेल, तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ते यंत्र आणि तो माणूस प्रत्येक सर्व्हिस सेंटरला नसतो.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो फुकट आहे. बुकिंगच्या आधी घराजवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, सेल्सवाल्याला सोबत न घेता. पार्ट काउंटरवर पाच गोष्टींचे भाव विचारा: समोरची काच, एक हेडलॅम्प, पुढचा बंपर, बाजूचा आरसा, एक टायर. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये पार्ट नंबर टाकेल. भाव लिहून घ्याच, पण त्याच पडद्यावर शिल्लक किती आहे तेही दिसतं. पाचांपैकी चार “मागवावे लागतील” निघाले, तर अपघातानंतर तुमची गाडी तिथे किती दिवस पडून राहील याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल. मग सर्व्हिस अॅडव्हायझरला विचारा की महिन्याला या मॉडेलच्या किती गाड्या येतात. आठवून सांगावं लागलं तर दुसरं सेंटर बघा.

टॉप व्हेरिअंटचा हट्ट

थोडक्यात सांगतो. अशा गाड्यांत मधलं व्हेरिअंट बहुतेक वेळा पुरतं. मागच्या सीटचा मोठा पडदा आणि रंगीत दिवे यांचे पैसे रीसेलला परत मिळत नाहीत. एअरबॅग आणि सुरक्षेच्या सोयी मात्र तोडू नका. आणि जुळ्या गाड्या असतील तर दोन्हींची यादी शेजारी ठेवून वाचा. इन्व्हिक्टो आली तेव्हा टोयोटाच्या टॉप व्हेरिअंटमधली चालक-साहाय्य यंत्रणा तिच्यात नव्हती, आणि ज्यांनी “गाडी तीच आहे” म्हणून विषय संपवला त्यांना ते घरी आल्यावर कळलं.

विम्यात काटकसर

गाडीची विमा किंमत पहिल्या सहा महिन्यांनंतर १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० आणि तिसऱ्या वर्षी ३० टक्के घटीने धरतात. महागड्या गाडीत हा खड्डा लाखांचा होतो. पहिली तीन वर्षं झीरो डेप (भाग बदलताना घसारा न कापणारं) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम देणारं) ही दोन्ही कलमं घ्या. शोरूमचाच विमा घेण्याची सक्ती नसते. बाहेरचा भाव आणून दाखवला की शोरूमचाही उतरतो.

मुंबईत तिसरं कलम हवंच: इंजिन प्रोटेक्ट. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी आणि मोटर त्यात येतात का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला. तेवढा रोज पडत नाही, पण हिंदमाता, मिलन सबवे आणि अंधेरी सबवेला गाडी बंद पडायला तेवढा लागतही नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन गेलं, तर साधा विमा ते नुकसान सहसा देत नाही. हायब्रिडचं इंजिन आपणहून सुरू होतं, त्यामुळे बटणाला हात लावू नका. गाडी ढकलून किंवा टोने बाहेर काढा.

गाडी घेऊन झाली आहे आणि अडचण आली आहे?

पडदा गोठणं, कॅमेऱ्याची चूक दाखवणं, चावी न ओळखणं अशा तक्रारी सर्व्हिस सेंटरला पोहोचल्यावर गायब होतात. म्हणून घडत असतानाच व्हिडिओ घ्या, त्यात किलोमीटरचा आकडा दिसू द्या. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी जमा करताना सर्व्हिस सेंटर बनवतं त्या कामाच्या कागदावर, तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. “जनरल चेकअप” असं लिहिलेल्या कार्डावर सही करू नका, कारण पुढे त्या कागदाचा काही उपयोग होत नाही. सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणाले तर आधीचा आणि नंतरचा व्हर्जन नंबर मागा.

पार्टसाठी गाडी अडकली असेल तर फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. पार्टची ऑर्डर कोणत्या तारखेला गेली, तिचा नंबर काय, हे ईमेलने मागा आणि त्यात कंपनीच्या कस्टमर केअरला जोडा. जुळ्या गाडीच्या कंपनीकडे तो पार्ट आहे का, हे जरूर विचारा. मात्र वॉरंटीचं काम त्यांच्याकडे होत नाही, ते आपल्याच कंपनीकडे करून घ्यावं लागतं. एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यायची असते. कमी खपाच्या मॉडेलला ती मी घेईनच.

तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, नोंद करा. त्यानेही काम झालं नाही तर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं तिथे चालतात, आणि २० ते ५० लाखांच्या गाडीसाठी फी आहे हजार रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची जॉब कार्डं, बिलं आणि ईमेल एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा.