पर्लमध्ये यादी गटवार लावताना या चुका टाळा

सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी विंगनुसार लावायची होती. साधी टेक्स्ट फाइल: फ्लॅट, रक्कम आणि शेवटी विंग. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत हे दहा ओळींचं काम. विंग ही हॅशची (नावावरून माहिती शोधायच्या साठ्याची) की, म्हणजे नाव; तिच्यापाशी एक ॲरे, म्हणजे क्रमवार यादी, आणि येईल ती ओळ त्यात पुश, म्हणजे शेवटी जोडायची. रिपोर्ट काढला तर ए विंग दोनदा!

दोन्ही ‘ए’ दिसायला सारखेच. शेवटी की चौकटी कंसात घालून प्रिंट केली. एक [ए] आली, दुसरी ]ए. बंद करायचा कंसच ओळीच्या सुरुवातीला गेला, म्हणजे कीच्या शेपटीला कॅरेज रिटर्न (कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेणारं, न दिसणारं चिन्ह) चिकटलेला. अर्धी यादी विंडोजवर टाइप झाली होती, तिथे ओळ कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशा दोन चिन्हांनी संपते; आणि लिनक्सवर ओळीचं शेपूट कापणारा चॉम्प फक्त न्यूलाइन काढतो. की नवी दिसली की पर्ल न विचारता नवा ॲरे उघडून देतो, त्यामुळे एररही येत नाही. चॉम्पवर न थांबता ओळीच्या शेवटची सगळी मोकळी जागा रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) उडवा.

प्रत्येक विंगखाली शेवटचाच फ्लॅट पुन्हापुन्हा दिसत असेल, तर ओळीचा ॲरे लूपच्या बाहेर जाहीर केलेला असणार. मग दर वेळी त्याच एका ॲरेचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, पुश होतो. ॲरे जाहीर करणारा ‘माय’ लूपच्या आत घ्या.

आता क्रम. नुसता सॉर्ट अक्षरांप्रमाणे लावतो: १००१, १०१, २०१. दहाव्या मजल्यावरचे पहिल्याच्या आधी! आकड्यांसाठी संख्या म्हणून तुलना करणारा <=> हवा. पण आमच्याकडे एका काकांनी फ्लॅट नंबर देवनागरी आकड्यांत लिहिले होते. फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) म्हणून उघडली असेल तर रेगेक्स त्यांना अंक मानतो, पण <=> साठी ते सगळे शून्यच. वॉर्निंग्ज चालू होत्या म्हणून कळलं. आधी ते इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या.

सॉर्ट मूळ ॲरेला हात लावत नाही, उत्तर परत साठवावं लागतं. विंगांच्या कीसुद्धा सॉर्ट करूनच फिरा. २०१३ च्या ५.१८ आवृत्तीपासून हॅशचा क्रम दर रनला बदलू शकतो. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये सी विंग सगळ्यात वर होती, आणि बी विंगवाल्यांनी त्याचाही अर्थ लावला.