अंतोनेल्लोच्या मेरीची तैलरंगात प्रतिकृती कशी करावी

गॅब्रिएल देवदूत येशूच्या होणाऱ्या जन्माची वार्ता घेऊन मेरीकडे येतो, तो हा क्षण. पण इटालियन चित्रकार अंतोनेल्लो दा मेस्सिनाने १४७६ च्या सुमारास रंगवलेल्या 'अनुन्झियाता'मध्ये (म्हणजे वार्ता मिळालेली मेरी) देवदूत दिसतच नाही. डोक्यावरून निळं वस्त्र घेतलेली मेरी, पुढे उघडं पुस्तक, किंचित उचललेला उजवा हात आणि मागे काळोख. इटलीतल्या पालेर्मोच्या पलाझ्झो अबातेल्लिस या संग्रहालयातलं हे लाकडी फळीवरचं चित्र जेमतेम ४५ बाय ३४.५ सेंटिमीटरचं आहे. प्रबोधनकाळातलं धार्मिक व्यक्तिचित्र शिकायला मी हेच सुचवेन.

त्याच मापाचा एमडीएफ घ्या. जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन-चार हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासा. रेखाटन ट्रेस केलं तरी चालेल, मात्र उजवा हात स्वतंत्र कागदावर आधी काढून बघा. बोटं थेट आपल्या दिशेने येतात, त्यामुळे त्यांची लांबी डोळ्याला फसवते.

आता रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्खं चित्र तपकिरी छटांमध्ये पूर्ण करा. उजेडाच्या जागी पांढरा. या टप्प्यावर निळ्याला हात लावू नका. चेहऱ्याची गोलाई इथेच साधली पाहिजे. इथे राहिलेली चूक नंतरचा कुठलाही रंग झाकत नाही.

थर वाळला की त्वचेसाठी टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर आणि कणभर कॅडमियम रेड. उजेडात रंग जाड, सावलीत इतका पातळ की खालचा तपकिरी जाणवावा. सावलीत काळा मिसळलात तर त्वचा मेलेली दिसते. कडा कोरड्या मऊ ब्रशने विरवा.

वस्त्राला आधी अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि पांढरा मिसळून घड्या उभ्या करा. तो थर पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात आणखी थांबा. मग जवसाच्या तेलात पातळ केलेला नुसता अल्ट्रामरीन वरून पसरा. खालचा उजेड या पारदर्शक थरातून परत येतो आणि निळा आतून उजळतो. त्या काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करत. आजची ट्यूब कृत्रिम असली तरी उत्तम काम देते.

तेल प्रत्येक वरच्या थरात थोडं जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून मगच टाका. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी.