नीबार फिनिश करताना या चुका टाळा

नीबार म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सूमधला, समोरच्याचा गुडघा ताणून त्याला हार मानायला लावायचा डाव. तो नवीन शिकणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, पाय हातात येतो पण टॅप (हार मानल्याची थाप) येत नाही. मग टॅप यावा म्हणून माणूस हिसका देतो, सगळं अंग मागे टाकतो, आणि नेमका तिथेच कोणाचा तरी गुडघा जातो. माझं मत स्पष्ट आहे, पकड ढिली असते म्हणूनच जोर लावावा लागतो. पकड घट्ट असली की नीबार इतका सावकाश लावता येतो की समोरच्याला आरामात टॅप करायला वेळ मिळतो, त्यामुळे खाली ज्या चुका सांगतोय त्या काढल्या की फिनिशही सुधारतं आणि पार्टनरही शाबूत राहतो.

आधी नियमाचं बघून घ्या. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत नीबार फक्त ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टला चालतो, गी (जिउ-जित्सूचा जाड पोशाख) असो वा नो-गी (त्याशिवाय). व्हाईट, ब्लू, पर्पलने लावला तर थेट डिस्क्वालिफाय. क्लासमध्ये शिकायला हरकत नाही, पण कोचला विचारून आणि ज्याला लेग लॉकची (पायाच्या सांध्यावरच्या डावांची) समज आहे अशा पार्टनरबरोबरच. परवा जॉइन झालेल्या मुलावर लावून बघू नका, त्याला टॅप कधी करायचा हेच अजून कळत नसतं.

आता मुख्य चूक, आणि ती हिपच्या जागेची. नीबार म्हणजे पायाचा आर्मबारच (आर्मबारमध्ये असंच कोपर ताणतात), गुडघा ज्या बाजूला वाकत नाही त्या बाजूला त्याला ताणायचं. तरफेचा टेकू म्हणजे तुमची हिप, आणि ती त्याच्या गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीवर टेकलेली पाहिजे. बरेच जण घसरत घसरत वाटीवरच येतात किंवा त्याहून खाली नडगीवर, मग समोरचा निवांत गुडघा वाकवतो आणि पाय काढून घेतो. वाटीवर दाब आला तर त्याला दुखतं खरं, पण ते हाड चेपल्याचं दुखणं, लॉक लागलेला नसतो, आणि तुम्हाला वाटतं झालंच आता म्हणून तुम्ही अजून ताणता. बरोबर बसल्यावर कसं वाटतं ते सांगतो: त्याची वाटी तुमच्या ओटीपोटापाशी येते आणि सरळ तुमच्याकडेच बघत असते, तुमचे दोन्ही गुडघे त्याच्या मांडीवर चिमट्यासारखे आवळलेले असतात, आणि त्याने पाय वाकवायचा प्रयत्न केला तरी हलायला जागाच नसते. ड्रिल करताना हीच टेस्ट घ्या, काहीही न ताणता तिथेच थांबा आणि पार्टनरला म्हणा, पाय काढून दाखव. निघाला तर फिनिशचा विचार सोडा, आधी जागा नीट करा. मुळात सुरुवात त्याच्या जांघेच्या जवळून, उंचावरून करा, कारण झटापटीत थोडं खाली घसरणं होतंच.

वाटी बाजूला वळली असेल तर अजिबात ताणायचं नाही. मग तो दाब गुडघ्याच्या कडेच्या लिगामेंटवर जातो, आणि तिथे दुखायला लागलं म्हणजे टॅप करू म्हणेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

पकडीचं काय, तर पोटरी धरू नका. पोटरी धरली की तरफ आखूड होते, मग दंडातली सगळी ताकद लावूनही पाय सरळ होत नाही आणि हिसके सुरू होतात. टाचेपाशी, घोट्याच्या मागून हात घाला, रिअर नेकेड चोकला (मागून गळा आवळायच्या डावाला) जशी पकड घेतो तशीच घ्या, त्याची नडगी तुमच्या छातीला चिकटलेली आणि तुमची कोपरं बरगड्यांना टेकलेली. बोटांनी पंजा धरून खेचला तर पाय पिळला जातो, ते वेगळंच सबमिशन आहे आणि वेगळीच दुखापत. एवढं जमलं की फिनिश अगदी छोटं राहतं, छाती थोडी उघडायची आणि हिप दोन-तीन इंच पुढे, बस. हाताने खेचायचं काही उरतच नाही. यापेक्षा जास्त अंतर जावं लागत असेल तर कुठेतरी गॅप राहिलेला आहे.

पडणं आणि ताणणं एकाच वेळी करणं ही सगळ्यात धोक्याची सवय. हाफ गार्डच्या (खालच्याने वरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवलेल्या स्थितीच्या) वरून फिरून पाय पकडला की लोक तसेच धाडकन मागे जातात, म्हणजे अख्ख्या अंगाचं वजन गुडघ्यावर, तेही पकड बसायच्या आधी. आधी कुशीवर आडवे व्हा, गुडघे आवळा, पकड घ्या, एक श्वास घ्या, मग ताणा. पोटावर उलटून लावायचा नीबार तर याहून सावकाश, कारण तिथे तुमचं वजन आपोआप उतरतं आणि थांबवणं अवघड जातं. उडी मारून किंवा लोळण घेत लावायचा प्रकार पहिली काही वर्षं तरी बाजूला ठेवा.

२००८ च्या यूएफसी ८१ या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या व्यावसायिक स्पर्धेत फ्रँक मीरने ब्रॉक लेस्नरला नीबार लावला, पहिल्याच राऊंडला दीड मिनिटात टॅप. ती क्लिप बघून पोरं क्लासमध्ये तोच स्पीड आणतात. तिथे शेजारी रेफ्री उभा होता आणि दोघेही त्याच कामाचे पैसे घेत होते. आपल्या पार्टनरला सकाळी उठून ऑफिसला जायचं असतं. आणि प्रोफेशनलमध्येही टॅपनंतर धरून ठेवलेलं कोणी खपवून घेत नाही, रुसिमार पाल्हारेसने २०१३ मध्ये टॅपनंतरही हील हुक (टाच पिळून गुडघा वळवायचा डाव) सोडला नाही म्हणून यूएफसीने त्याला काढून टाकलं.

टॅपचा एक मुद्दा फार कमी लोक सांगतात. नीबारमध्ये तुमचं तोंड त्याच्या पायाकडे असतं, त्याचा चेहरा दिसत नाही आणि बऱ्याचदा त्याचे हात तुमच्यापर्यंत पोचतही नाहीत. तो मॅटवर हळूच दोनदा थोपटतो, शेजारी चार जोड्या रोल (सरावाची झटापट) करतायत, तुम्हाला ऐकूच येत नाही. म्हणून रोलच्या आधीच ठरवून घ्या, लेग लॉकमध्ये तोंडाने मोठ्याने टॅप म्हणायचं. शंका आली तर सोडा. आणि 'तो टॅप करत नाहीये म्हणजे लागलं नसेल' हा हिशोब करू नका, काहींचा गुडघा मुळातच मागे जातो, त्यांना शेवटपर्यंत काही जाणवत नाही, तर हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) कडक असलेल्याला लॉकच्या आधीच ओढ लागते.

त्याचा दुसरा पाय विसरू नका. तो त्या पायाने तुमच्या ढुंगणावर ढकलून जागा करणार, किंवा दोन्ही पाय एकमेकांत अडकवणार. अशा वेळी ओढाताण करू नका, आपले पाय आवळून घ्या, आधी त्याची अडकवलेली पकड सोडवा. तो गोल फिरायला लागला तर त्याच्याबरोबर फिरा. तो फिरतोय आणि तुम्ही जागेवर घट्ट धरून बसलात तर गुडघा पिळला जातो, तेवढ्यापुरतं सोडून दिलेलं बरं.

ज्याच्यावर लागतोय त्यालाही एक सांगायचंय, विशेषतः तालमीतून आलेल्या मुलांना. कुस्तीत शेवटपर्यंत झुंजायची सवय असते, पाठ लागली नाही तोवर खेळ चालूच. इथे पाय सरळ झाला आणि हिप बसली की खेळ संपलेला असतो, तिथे जोरात उसळी मारली तर आपल्याच ताकदीने आपला गुडघा जातो. लवकर टॅप करा, परत स्टार्ट करा.

सोडतानाही पाय फेकायचा नाही, आधी हिप सैल, मग गुडघे, मग हात. आणि कधी 'कट्' असा आवाज आला तर दुखत असो वा नसो, रोल तिथेच बंद. "काही नाही रे, ठीक आहे" म्हणत पुढचा राऊंड खेळणारे बघितलेत, अंग गरम असताना कळत नाही. उभं राहिल्यावर गुडघा दगा देतोय असं वाटलं किंवा काही तासांत सूज आली तर मालिश-बिलिश न करता बर्फ लावा आणि ऑर्थोपेडिककडे जा, एसीएल (गुडघ्याच्या आतला एक मुख्य लिगामेंट) गेला असेल तर बहुतेकदा सूज अशीच लवकर येते, आणि ऑपरेशन लागलं तर परत मॅटवर यायला साधारण नऊ महिने धरून चला.