कणकेचे आंबवणाचे पाव दगडासारखे होऊ नयेत म्हणून

गिरणीची कणीक मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते, आणि तेही सावकाश. त्यामुळे मैद्याच्या मापाने पाणी घातलं की पाव घट्ट झालाच म्हणून समजा. ३०० ग्रॅम कणकेला २२० मिली पाणी घ्या, नुसतं कालवून पाऊण तास झाकून ठेवा. कोंडा भिजून मऊ होतो, पीठ आपोआप लवचिक होतं, मळायचे कष्टही वाचतात. मग ७५ ग्रॅम फसफसतं आंबवण (पीठ-पाणी आंबवून केलेलं विरजण, म्हणजे सावरडो स्टार्टर), ६ ग्रॅम मीठ आणि चमचाभर तेल घालून मळा. हाताला चिकटेल, चिकटू दे! वरून कोरडं पीठ भुरभुरायचा मोह आवरा.

पीठ दुप्पट व्हायची वाट पाहू नका. दीडपट झालं की पुरे. उन्हाळ्यात तर घड्याळ बघूच नका, कणीक झपाट्याने आंबते आणि फार आंबली की बसते. नऊ गोळे तूप लावलेल्या डब्यात एकमेकांना जेमतेम टेकतील असे लावा, लादीपावासारखे. ते फुगून बोटाचा ठसा हळूहळू भरू लागला की २०० अंशांवर २०-२२ मिनिटं भाजा. बाहेर काढताच वरून तूप चोळून सुती फडक्याखाली ठेवा, साल मऊ राहते.