जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवताय? खान्देशात या चुका टाळा

जुनी पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० जिवापाड जपणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या लोकांची एक ठरलेली इच्छा असते: गाडी हीच हवी, फक्त जोर जरा वाढला पाहिजे. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं. त्याच प्रीमियर कंपनीच्या ११८ एनई या गाडीत निसानचं ११७१ सीसी इंजिन होतं, ५२ अश्वशक्तीचं, म्हणून पद्मिनीवाल्यांचा डोळा त्यावर. ८०० वाल्यांना मारुतीच्याच एस्टीम गाडीचं १२९८ सीसी खुणावतं. त्याचं एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारं, रूप ८५ अश्वशक्तीचं, म्हणजे मूळच्या दुपटीहून जास्त. इंजिन भंगार बाजारात मिळतं, लेथवाला माउंटिंगही, म्हणजे इंजिन बसवायच्या बैठकाही, करून देतो. गोची पुढे होते. उरलेली गाडी जुन्याच जोराच्या हिशोबाने बनलेली असते, आणि परीक्षा घ्यायला आपला मे महिना असतो.

कागद शेवटी बघू म्हणणं

मिस्तरी म्हणतो, "काही व्हत नही भाऊ, नंतर करू." नंतर होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. 'एकाच कंपनीचं इंजिन आहे की' हा युक्तिवाद सीसी बदलली की तिथेच पडतो. त्यामुळे इंजिनाचा इसार देण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारा. मंजुरी नाही मिळाली तर ती गाडी ट्रॅकवर किंवा खासगी आवारात चालवायची, सार्वजनिक रस्त्यावर नाही. अपघात झाला आणि इंजिन क्रमांक जुळला नाही, तर विम्याचा दावाही लटकतो.

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर दहादा विचार करा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. माझं मत विचाराल तर अशा फियाटचं मूळ इंजिनच नव्याने बांधून घ्या. खाली सांगितलेले बरेचसे दोष त्या कामातही निघतातच.

रेडिएटर जुनाच ठेवणं

इथली सगळ्यात महागडी चूक ही. रेडिएटर काम करतो तो पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की तो फरकच आकसतो. पुण्यात बिनघोर चाललेली जोडणी इथे म्हणूनच उकळते.

तापमानाचा काटा चढतोय म्हणून लगेच इंजिनाचं हेड उघडायला बसू नका. तो कधी चढतो ते आधी बघा. रेल्वे फाटकावर उभं असताना चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर दोष हवेचा: पंखा, रिले किंवा पंख्याभोवतीचं आवरण. नवा इलेक्ट्रिक पंखा बसवला असेल तर रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, जाळीशी, कागदाचा कपटा धरा. पंखा सुरू झाल्यावर तो चिकटला पाहिजे. बाहेर उडाला तर वायरी उलट्या जोडल्यात, पंखा उलटा फिरतोय. आणि जुन्या डायनामोवर हा पंखा चालवायची आशा ठेवू नका, अल्टरनेटर लागतोच.

उलट, महामार्गावर ऐंशीच्या पुढे काटा चढत असेल तर दोष पाण्याचा. रेडिएटर लहान पडतोय, क्षाराने बुजलाय, किंवा खालचा होजपाइप जोरात आत ओढला जाऊन चपटा होतोय. बोअरचं पाणी ओतणं बंद करा. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा.

काटा बराच वेळ खाली राहून अचानक उसळतो, तर आत हवा अडकलीय. नवं इंजिन बहुतेक वेळा रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसतं, त्यामुळे हवा हेडमध्येच राहते. गाडीचं नाक चढावर करून भरा, किंवा सगळ्यात उंच जागी वेगळी टाकी द्या.

उन्हाळा लागला की थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे रीतच आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप. ज्या इंजिनांत ती उघडताना रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद करते, तिथे ती काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात परततो. एमपीएफआय असेल तर इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल ओतत राहतो, ते वेगळंच.

पेट्रोलची जुनी नळी

कार्ब्युरेटरच्या गाडीची रबरी नळी एमपीएफआयच्या दाबासाठी नसते. तिथे अडीच-तीन बार दाब असतो. नळी फुटली तर पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर. इथे जुगाड नको. नळी, क्लिपा, परतीची लाइन सगळं नवं घ्या. टाकी पाव उरल्यावर वळणावर इंजिन दचकत असेल तर पंप हवा ओढतोय; टाकीत पेट्रोल अडवून धरणारे आडवे पडदे नाहीत.

कार्ब्युरेटरच ठेवलाय आणि चहाला थांबल्यावर गाडी सुरू होत नाही? पंपावर ओला फडका ठेवा. सुरू झाली तर नळीत वाफ धरतेय. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्या.

ब्रेक नंतर बघू

ब्रेक आधी, इंजिन नंतर. ऐंशीऐवजी शंभरच्या वेगाने येणारी तीच गाडी थांबवायला ब्रेकना दीडपटीहून जास्त ऊर्जा गिळावी लागते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. कन्नड घाट चाळीसगावच्या बाजूला उतरताना ते तापले की पेडल कडक राहतं, पण गाडी थांबत नाही. पुढे डिस्क बसवा.

माउंटिंगबद्दल एवढंच: जुने रबर वापरू नका. पद्मिनीत साठ-सत्तरच्या वेगाला पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन जुळत नाहीत. ८०० मध्ये एक्सलच्या स्प्लाइन (टोकाचे दाते) जुळतात का, ते इंजिन उचलण्याआधीच तपासा.

आणि अर्थिंग. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली जाड पट्टी परत लावायला हमखास विसरतात. मग स्टार्टरचा करंट वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल हाताला चटका देते, कधी अडकून बसते. स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी बदला, आणि ती रंगावर न लावता पत्रा खरवडून लावा.