कुकी भाजता भाजता रोजचे इंग्रजी

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या अनेकांकडे शब्द पुरेसे असतात, पण वाक्य जुळवायला लागणारा वेळ समोरच्या माणसापुढे मिळत नाही. स्वयंपाकघरात तो मिळतो. लोणी फेटताना वाक्य चुकले तर कोणी हसत नाही आणि हात चालू आहे तोवर तेच वाक्य दहा वेळा म्हणता येते. कुकीची कृती यासाठी विशेष सोयीची आहे, कारण तिच्यातली वाक्ये आखूड असतात आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ लगेच हाताखाली दिसतो. मात्र तीन निरनिराळ्या कृती करून पाहण्यापेक्षा एकच कृती तीन वेळा करावी, असे माझे मत आहे. नवेपणाच्या नादात भाषा मागे पडते.

साहित्य असे घ्यावे : मऊ झालेले ११५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम साखर, १ अंडे, १५० ग्रॅम मैदा, अर्धा टीस्पून बेकिंग सोडा, चिमूटभर मीठ आणि १०० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे. वजनकाटा नसेल आणि इंग्रजी कृतीतली मापे वापरायची असतील, तर टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर, टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर आणि अमेरिकी कप म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर हे लक्षात ठेवावे. साहित्य मांडतानाच पहिला धडा होतो. अंडी मोजता येतात, म्हणून ‘हाऊ मेनी एग्ज’. मैदा मोजता येत नाही, म्हणून ‘हाऊ मच फ्लावर’. मैदा दुप्पट केला तरी अनेकवचन मैद्याचे होत नाही, कपाचे होते : ‘टू कप्स ऑफ फ्लावर’. मैदा आणि फूल या दोन्हींचा उच्चार इंग्रजीत सारखाच असल्याने तो नव्याने शिकावा लागत नाही. ‘बाऊल’ मात्र सोडून द्यावा. तो ‘रोल’शी यमक जुळणारा ‘बोल’ आहे. तसेच ‘ओव्हन’ नव्हे, ‘अव्हन’.

पहिल्या वेळी कृती इंग्रजीत कागदावर लिहून काढावी आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून मगच तेवढे काम करावे. खरा कस क्रियापदांचा लागतो. मराठीत ढवळणे, फेटणे, कालवणे आणि मळणे यांची आपण गल्लत करत नाही, पण इंग्रजीत सगळ्यांसाठी ‘मिक्स’ म्हणून मोकळे होतो. लोणी आणि साखर फिकट, हलकी होईपर्यंत एकत्र फेटणे म्हणजे ‘क्रीम’. हा शब्द इथे क्रियापद आहे आणि या फेटण्याने लोण्यात हवा शिरते. अंडे घालून जोरात फेटणे म्हणजे ‘बीट’. मैदा, सोडा आणि मीठ घालून चमच्याने ढवळणे म्हणजे ‘स्टर’. शेवटी चॉकलेटचे तुकडे खालून वर घेत हलक्या हाताने मिसळणे म्हणजे ‘फोल्ड इन’. मळण्याला ‘नीड’ म्हणतात, पण कुकीचे पीठ मळायचे नसते, नाहीतर कुकी चिवट होते. गरज असण्याचा ‘नीड’ही उच्चाराने अगदी तसाच आहे, त्यामुळे चमचा हवा असताना ‘आय अ‍ॅम नीडिंग अ स्पून’ म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला चमचा मळताना दिसू लागतो. ‘आय नीड अ स्पून’ एवढेच म्हणावे.

तयार झालेल्या पिठाला ‘डो’ म्हणतात. ते हाताला चिकटत असेल तर ‘द डो इज टू सॉफ्ट’ म्हणावे, ‘व्हेरी सॉफ्ट’ नव्हे. मराठीतला ‘खूप’ दोन्हीकडे चालतो, पण ‘टू’मध्ये ‘नको तेवढे’ हा अर्थ आहे आणि म्हणूनच त्यापुढे उपाय येतो : पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. लोणी घट्ट झाले की भाजताना कुकी कमी पसरते. पीठ कच्चे असताना चाखू नये, कारण त्यात कच्चे अंडे आणि कच्चा मैदा असतो.

ओव्हन आधीच १८० अंश सेल्सिअसवर तापवावा. अमेरिकी कृतीत हेच तापमान ३५० अंश फॅरनहाइट असे दिलेले असते. ट्रेवर बेकिंगचा कागद घालण्याला ‘लाइन द ट्रे’ म्हणतात. पिठाचे लहान गोळे अंतर सोडून ठेवावेत आणि १० ते १२ मिनिटे भाजावे. इथे एक अस्सल मराठी चूक दबा धरून असते. ‘कडा सोनेरी होत नाहीत तोपर्यंत भाजा’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यातला नकार इंग्रजीतही नेतो. ‘अनटिल’नंतर हा नकार येत नाही : ‘बेक अनटिल द एजेस टर्न गोल्डन’. हे एक वाक्य पक्के झाले, तर त्याच साच्यात ‘वेट अनटिल आय कॉल’ही बरोबर येते.

दुसऱ्या वेळी कागद बाजूला ठेवून प्रत्येक कामाची तीन वाक्ये बोलावीत. अंडे हातात घेतल्यावर ‘आय अ‍ॅम गोइंग टु अ‍ॅड द एग’, घालताना ‘आय अ‍ॅम अ‍ॅडिंग द एग’ आणि घातल्यावर ‘आय हॅव अ‍ॅडेड द एग’. काळांचा तक्ता पाठ असूनही बोलताना अडखळणाऱ्याला या तीन वाक्यांतला फरक इथे डोळ्यांसमोर दिसतो.

तिसऱ्या वेळी भाजून झाल्यावर घरातल्या कोणाला तरी, किंवा कोणी नसल्यास फोनच्या रेकॉर्डरला, सगळी कृती भूतकाळात सांगावी. ओव्हनमधून काढलेल्या कुकी मऊच लागतात आणि गार होताना घट्ट होतात, म्हणून त्या ५ मिनिटे ट्रेवरच राहू द्याव्या लागतात. सांगण्याची सुरुवात करायला तेवढा वेळ पुरतो. ‘फर्स्ट, आय क्रीम्ड द बटर अँड शुगर’ इथून आरंभ करावा. मध्येच कोणी ट्रेकडे हात नेला, तर ‘नॉट येट, दे आर स्टिल हॉट’ म्हणावे आणि पुढचे वाक्य सुरू करावे.